पापड जाड झाले ते पान

वच्छला गेल्याचं मला अकोल्यात कळलं. जुन्या शहरात इनायतुल्लाच्या दुकानात मी तांब्याची तार घेत होतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देण्याचा माझा धंदा, आणि तार मी त्याच्याकडूनच नेतो. तो तार तोलत असताना फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं, दोनदा हां हां म्हटलं आणि तारेचं वेटोळं तराजूतून खाली काढून ठेवलं.

"मोतीरामभाई, तार राहू द्या. घरी जा लागते."

मी काय झालं विचारलं, तर भाभीची तब्येत म्हणाला. मग त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्यासोबत स्टेशनवर आला. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला, कोणी नुसत्या तब्येतीसाठी शटर ओढत नाही. मला प्लॅटफॉर्मवरच कळलं. तो गाडीतही बसला आणि आमचं चांदूर रेल्वे येईपर्यंत तांब्याचे भाव कसे चढले ते सांगत राहिला. मी हो हो करत होतो.

वच्छला बेबीताईच्या अंगणात गेली. बेबीताई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया त्यांच्याकडे जमून पापड लाटतात, आज हिचे, उद्या तिचे. वच्छला मात्र लाटत नसे. तिचा पापड गोल होत नव्हता, आणि बेबीताई म्हणायच्या की असा पापड पाहुण्याच्या ताटात ठेवला तर पाहुणा त्यात आपला तालुका शोधत बसेल. म्हणून तिला लाटण्याऐवजी पुस्तक दिलं होतं. सातवीपर्यंत शिकलेली, पण गावच्या वाचनालयाची जुनी सभासद. तिने वाचायचं, बायांनी लाटायचं, हे किती वर्षांपासून चालू होतं ते मलाही माहीत नाही. मी त्या वेळी दुकानात असायचो.

तिची एक रीत होती, ती मला नंतर कळली. गोष्ट रंगात आली की बायांचे हात हळू होत, लाटणं जागच्या जागी फिरे आणि पापड जाड उतरत. मग वच्छला तिथेच थांबायची. पापड पातळ झाल्याशिवाय पुढची ओळ नाही. बाया तिला शिव्या घालायच्या, खाली माना घालून भराभर लाटायच्या, आणि ती पुन्हा सुरू करायची.

त्या दिवशी ती अशीच मधेच थांबली. बायांना वाटलं, पापड जाड झाले. त्यांनी माना खाली घातल्या आणि लाटत राहिल्या. कोणी हसलंही असेल. शेवटी आमच्या मागच्या घरातल्या बिस्मिल्लाबी म्हणाल्या, आता तर कागदासारखे झाले, आता वाच. तरी ती वाचेना, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

हे बेबीताईंनी मला तेरवीनंतर सांगितलं, पापडाचा डबा द्यायला आल्या तेव्हा. वाटणीत आमचा हिस्सा होता तो. डबा ठेवून त्या लगेच निघून गेल्या.

पुढचे महिने मी एकटाच जेवायचो. दुकानात काम थोडं होतं. त्या वर्षांत विहिरींनाच पाणी नव्हतं; मोटार चाललीच नाही तर जळणार कशी? गावोगाव गाड्या फिरत, कॅमेरेवाले, पाहणीवाले. मी संध्याकाळी खिचडी टाकायचो आणि निखाऱ्यावर एक पापड भाजायचो. काही पापड पातळ, एका अंगाने फुलणारे. काही मधे जाड, तिथे कच्चे राहणारे. एका संध्याकाळी असाच एक जाड पापड दाताखाली आला आणि माझ्या मनात आलं, हे कोणतं पान असेल?

त्याआधी पुस्तकाबद्दल मला कधी प्रश्न पडला नव्हता. वच्छला वाचते, ठीक आहे, वाचू दे. आता मात्र वाटायला लागलं की ती वाचनालयात जाऊन शंभर पुस्तकांतून एक उचलायची, काही दोन दिवसांत परत करायची, काही महिनाभर ठेवायची. ती कशावरून ठरवत होती? मोटारीचं मला कळतं. वास आला तर वेटोळं जळलं, घरघरली तर बेअरिंग गेलं. पुस्तकाचं काय पाहायचं?

विचारणार कोणाला? इनायतुल्लाला विचारलं. त्याला मुशायऱ्याचा नाद आहे. तो म्हणाला की मुशायऱ्यात लोक ओरडून शेर पुन्हा म्हणायला लावतात, पण त्यावर त्याचा भरवसा नाही. रात्रीच्या गर्दीत माणूस कशालाही वाहवा करतो. दुसऱ्या दिवशी दुकानात तार तोलताना जो शेर आपसूक तोंडात येतो तो खरा. मला ते पटलं. पण वच्छला काही शेर म्हणत फिरायची नाही.

त्याच सुमारास खुशालराव सर घरी आले. ते कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, वाचनालयाचे अध्यक्ष. वच्छलाला ते चांगलं ओळखत. ते म्हणाले की वाचनालयातर्फे तिच्या नावाने एक स्मृती पुरस्कार ठेवू, दरवर्षी एका मराठी पुस्तकाला. मला बरं वाटलं, मी हो म्हटलं. समितीत सर आणि अमरावतीचे दोन प्राध्यापक. पुस्तकं आली, समितीने वाचली, आणि फाल्गुनात सर सांगायला आले की एक कादंबरी निवडली आहे. आपल्याच भागावरची, शेतकऱ्यांच्या मरणावरची. पेपरात फार गाजलेली.

मी विचारलं, "सर, कशावरून ठरवलं?"

सर रागावले नाहीत. त्यांनी नीट समजावलं. आशय किती खोल आहे, भाषा किती नेमकी आहे, लेखक काही नवीन करतो का, आपल्या काळाबद्दल काही सांगतो का. मी ऐकलं. सगळं बरोबरच वाटत होतं. तरी मी म्हटलं की नाव वच्छलाचं लागणार आहे. जे पुस्तक तिने दोन दिवसांत परत केलं असतं, त्यावर तिचं नाव लागलं तर मला ते चालणार नाही.

"मग तिनं ठेवलं असतं की नाही, हे कसं समजेल, मोतीरामजी?"

मला माहीत नव्हतं. पण कुठे विचारायचं ते माहीत होतं. मी सरांना म्हटलं, पाडव्यानंतर बेबीताईकडे पापड सुरू होतात. तोवर नाव जाहीर करू नका. सरांनी चष्मा काढून पुसला आणि मुदत दिली. त्यांनाही उत्सुकता होती, असं मला वाटलं.

मी पुस्तक घेऊन अंगणात गेलो तेव्हा बायांनी पदर सावरले आणि बोलणं बंद केलं. माणसाचं तिथे काय काम? बेबीताईंनी विचारलं, लाटायला आलात का? मी पुस्तक दाखवलं आणि पुरस्काराचं सांगितलं.

"तुमाले वाचता येते का पण?" बेबीताई म्हणाल्या.

"येते. हळू येते."

"मंग पापड भल्ले पातळ होतील," बिस्मिल्लाबी म्हणाल्या, आणि बाया हसल्या. मला लिंबाखाली जुन्या खुर्चीवर बसवलं. वच्छला बाजेवर बसायची, पण बाजेवर पापड वाळत होते.

मी अडखळत वाचलं. लांब वाक्य आलं की मधेच दम लागायचा. कादंबरीत दुष्काळ होता, सावकार होता, आभाळ होतं. आभाळ फारच होतं. दर दोन पानांनी लेखक आभाळाकडे पाही. मी पुस्तकावरून डोळे काढून पापडांकडे पाहायचो. पातळ, सगळे पातळ. माझ्या मनात आलं, झालं, हे पुस्तक गेलं. गल्लीतलीच सहदेवची माय कोपऱ्यात बसून एकसारखे, नजर लागेल असे पापड लाटत होती. तिच्या घरी असंच मरण झालं होतं, आदल्या वर्षी. मला तिच्यासमोर हे पुस्तक वाचायचा संकोच वाटत होता. पण ती उठून गेली नाही, लाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पापड अचानक जाड व्हायला लागले. मला आनंद झाला. मी ते पान दुमडून ठेवलं आणि बेबीताईंना दाखवलं, पाहा, इथे हात थांबले.

बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, पीठ वाळलं. उन्हानं लाट्या कडक झाल्या. तुमच्या पुस्तकानं नाई."

त्या दिवशी मी घरी येऊन उरलेला डबा उघडून पाहिला. म्हणजे मी वर्षभर जे पापड पुस्तकाची पानं म्हणून खाल्ले, त्यांतले किती उन्हाचे होते, कोण जाणे.

पुढल्या दिवशी मी पुस्तक मिटूनच बसलो. हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही, असं म्हटलं. तेव्हा बेबीताई म्हणाल्या की वच्छला पापडावरून ठरवतच नव्हती. जाड पापडाचा तिला राग यायचा. पुस्तक ठेवायचं की परत द्यायचं, ते ती दुसऱ्या दिवशी ठरवायची, आणि तिची युक्ती सगळ्यांना ठाऊक होती, तरी सगळ्या फसायच्या.

"वच्छला कालची गोष्ट मुद्दाम चुकवून सांगे," बेबीताई म्हणाल्या. "वाचाच्या आधी म्हणे, हां, तं काल काय झालं, सून माहेरी गेली. आन् सून तं गेलीच नव्हती. मंग आमी सगळ्या बोंबलो, ओ बाई, कुठची गेली, दारातूनच परत आली ना. असं झालं का ते पुढं वाचे. कोणी काई बोललंच नाई, तं म्हणे, जाऊ द्या, हे पुस्तक आपलं नाई. दुसऱ्या दिवशी परत."

मी तिच्यासोबत इतकी वर्षं राहिलो आणि हे मला माहीत नव्हतं. किती साधं होतं. जी गोष्ट आपली झाली तिच्यातली चूक माणसाला सहन होत नाही. जी झाली नाही ती कशीही सांगा.

मग मीही तसंच केलं. कादंबरीत कालपर्यंत काय काय झालं ते सांगायला लागलो आणि चुका घालत गेलो. नायकाला दोन भाऊ होते, मी एक सांगितला. कोणी बोललं नाही. तो विहीर खणतो, मी म्हटलं बोअर मारतो. लाटणी फिरत राहिली. त्याच्या मरणाचा दिवसही मी बदलला. बिस्मिल्लाबींनी शेजारणीला तेल मागितलं. मी समजलो. तरी पूर्ण करायचं म्हणून पुढचं सांगितलं. त्या पुस्तकात एक छोटा प्रसंग होता, दीड पानाचा. माणूस मेल्यावर चौकशीला साहेब लोक येतात. बाहेर खाटेवर बसतात, कागद भरतात. घरातल्या बाईला एकच काळजी, की पाव्हण्यांना चहा द्यायचा आहे आणि डब्यात साखर नाही. बाकी काही तिला त्या वेळी सुचत नाही. ती डबा उपडा करून ठोकत राहते. लेखक तिथे आभाळाकडे पाहायला विसरला होता.

मी म्हटलं, "मग त्या बाईने साहेबांना चहा केला. साखर जरा जास्तच पडली."

"साखर नव्हती."

कोपऱ्यातून आवाज आला. सहदेवच्या मायने मान वर केली नव्हती. लाटणं थांबलं होतं.

"नव्हती साखर," ती पुन्हा म्हणाली. "बिनसाखरेचा कसा देणार? तिनं देल्लाच नाई चहा. ते लोक तसेच गेले."

मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात चहा दिला की नाही ते लिहिलेलंच नव्हतं. प्रसंग डबा ठोकण्यावरच संपत होता. मी तसं सांगितलं नाही.

"व्हय, साखर नव्हती," मी म्हणालो. "चुकलो."

मग एकेक बाई बोलायला लागली. बेबीताई म्हणाल्या, गूळ तरी घालायचा होता. दुसरी म्हणाली, साहेबाले गुळाचा देतात का? बिस्मिल्लाबी म्हणाल्या की अशा घरी गेल्यावर चहाला बसायचंच कशाला, उठून जायला पाहिजे होतं, पुस्तकवाल्याने ते लिहायला पाहिजे होतं. सहदेवच्या मायने पुढची लाटी घेतली. तो पापड चांगला पातळ झाला.

मी सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी कादंबरीची आपली प्रत काढून पानं चाळली. मग म्हणाले, समितीच्या बैठकीत त्या दीड पानाबद्दल कोणी बोललं नाही. त्यांनी स्वतः वाचताना तिथे पेन्सिलीने रेघ मारली होती, पण बैठकीत आशयाबद्दल बोलणं सुरू झालं आणि ते राहून गेलं. त्यांनी मला रेघ दाखवली. होती.

"पुरस्कार त्या पानाले देता येते का?" मी विचारलं.

सर हसले. पानाला नाही देता येत, म्हणाले, बाकीच्या पानांचं काय करायचं? आणि मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, तो अजून माझ्या डोक्यात आहे.

"वच्छलाबाईंची युक्ती चांगली आहे. पण मोतीरामजी, माणूस चूक दुरुस्त करतो ती ओळखीच्या गोष्टीतली. साखरेचा रिकामा डबा बायांना माहीत आहे. जे कोणालाच माहीत नाही असं एखाद्या पुस्तकानं सांगितलं तर? तिथली चूक कोण पकडणार?"

सर उठले आणि वाचनालयाच्या कपाटातून एक जाड, जुनं पुस्तक काढून आणलं. हे त्यांनीच वच्छलाला सुचवलं होतं. तिने ते अंगणात वाचून पाहिलं, दुसऱ्या दिवशी चुकवून सांगितलं, कोणीच काही बोललं नाही. रीतीप्रमाणे तिने ते परत आणून दिलं. आणि आठवड्याने येऊन पुन्हा नेलं, एकटीसाठी. असं तिने बऱ्याचदा केलं. सरांनी विचारलं होतं, आवडलं का? तर म्हणाली, समजून नाही राहिलं, पण सोडवत नाही.

मी ते पुस्तक हातात घेतलं. माझ्या घरात हे पुस्तक कुठे असायचं? गव्हाच्या कोठीवर असेल, उशीखाली असेल. मी ते कधी पाहिलं होतं का तेही आठवेना. पहिलं पान वाचलं. मलाही समजलं नाही. मी ते माझ्या नावावर घेऊन आलो आणि अजून रोज थोडं वाचतो. सोडवत नाही असं काही मला अजून झालेलं नाही. पण ती बायांच्या चवीवर चालायची आणि तिची म्हणून एक वेगळी चवही होती, एवढं मला कळलं. दोन्हीतली खरी कोणती, हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही. शिकलेली माणसं असं उत्तर देतात तेव्हा मला आधी चीड यायची. या वेळी आली नाही.

पुरस्कार त्याच कादंबरीला द्यायचा असं ठरलं. मी हरकत घेतली नाही. आभाळ फार आहे, पण साखर नाही हे लेखकाला दिसलं होतं. वच्छलाने पुस्तक परत केलं असतं की ठेवलं असतं? माझ्या हिशेबाने, सहदेवची माय बोलल्यावर तिने ठेवलं असतं.

सरांनी मानपत्र लिहिलं. समारंभात ते वाचून दाखवायचं आणि चौकट करून लेखकाला द्यायचं. मी म्हटलं, आधी अंगणात वाचतो. सरांनी कागद दिला. 'दाहक वास्तवाचा प्रत्ययकारी वेध' असं त्यात होतं, 'समकालाचा उद्गार' होतं. अक्षर फार सुंदर होतं. मी ते बायांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी तेच मानपत्र उलटंपालटं करून सांगितलं. वेध वास्तवाचा होता तो समकालाचा केला, उद्गार दुसरीकडे नेला, मधलं एक वाक्य गाळून टाकलं. लाटणी फिरत राहिली. कोणी काही बोललं नाही. सहदेवच्या मायने तेलाची वाटी पुढे सरकवली.

मी कागद घडी घालून सरांना परत दिला आणि काय झालं ते सांगितलं. ते खूप हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "मग तुम्हीच लिहा. वच्छलाबाईंच्या नावानं आहे."

समारंभ जवळ आला आहे. पापड संपत आले आहेत, आणखी थोडे दिवस बाया जमतील. मी रोज संध्याकाळी कागद घेऊन बसतो. पहिलं वाक्य लिहून झालं आहे, 'साखर नव्हती' हे. त्याच्यापुढे काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही. बाकीचं लिहून झालं की बाया पांगायच्या आत ते अंगणात चुकवून सांगायचं आहे.